कार्यालयातील वर्गण्या, भरीत पार्टी आणि तोरणमाळची सहल: तुटपुंज्या पगारात हे सारे कसे बसवावे?

बोरीकाठची (अमळनेर)

मी अमळनेरहून जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत रोज रेल्वेने ये-जा करते. लेखा विभागात आहे, नोकरीला चौदा महिने झाले आणि हातात १६,८०० रुपये पडतात. त्यांतील ८,००० आईच्या हाती जातात, ३,००० धुळ्याला शिकणाऱ्या भावाच्या खोलीचे, १,४०० रेल्वेचा पास आणि स्टेशनापासून कंपनीपर्यंतच्या शेअर रिक्षाचे, १,००० भिशीचे आणि ३०० मोबाइलचे. उरतात ३,१००, आणि कपडे, औषधपाणी, अचानक आलेला पाहुणा हे सारे त्यांतच भागवायचे असते. वडिलांची जमीन कोरडवाहू आहे. कापूस वेचणीला आला की मजुरी रोख द्यावी लागते आणि कापसाचे पैसे मात्र नंतर हाती येतात, त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने आमच्याकडे नेहमीच ओढाताणीचे. नेमका याच महिन्यांत कार्यालयातील कार्यक्रमांना बहर येतो.

गेल्या तीन महिन्यांचा हिशेब मी वहीत लिहिला आहे. सात वाढदिवसांचे प्रत्येकी १५० प्रमाणे १,०५०, दोन सहकाऱ्यांच्या लग्नांतील आहेराचे ५०० प्रमाणे १,०००, बदलून गेलेल्या एका व्यवस्थापकांच्या निरोप समारंभाचे ४००, दिवाळीआधीच्या ‘पारंपरिक वेशभूषा दिना’साठी सगळ्या मुलींनी एकाच रंगाची साडी घ्यायची असे ठरले, तिचे ९००, आणि भरीत पार्टीचे ३५०. एकूण ३,७००, म्हणजे महिन्याला साधारण १,२३३. माझ्याजवळ जे काही उरते त्यातील पाच रुपयांमागे दोन रुपये असे गेले.

वहीत न लिहिलेला खर्च वेगळाच आहे. भरीत पार्टी एका सहकाऱ्याच्या शेतात होती. ती रात्री साडेनऊला आटोपली तोवर माझी गाडी निघून गेलेली होती. पिंप्राळ्याला मावशीकडे मुक्कामाला गेले, त्याचे रिक्षाला १२० लागले, आणि रिकाम्या हाताने कसे जायचे म्हणून वाटेत पाव किलो पेढे घेतले. साडेतीनशेची पार्टी मला पावणेसहाशेच्या घरात पडली आणि मावशीला अवेळी चूल पेटवावी लागली ती निराळीच.

आता जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तोरणमाळची सहल ठरली आहे. माणशी २,६००. व्हॉट्सॲपच्या गटावर नावांची यादी फिरते आहे. एकवीस नावांपुढे हिरवी खूण आहे, माझ्या नावापुढे नाही, आणि रोज सकाळी कोणीतरी “काय ताई, तुझेच राहिले” असे लिहिते. ज्यांना आत्ता जमत नाही त्यांचे पैसे जानेवारीच्या पगारातून कापून घेऊ, असेही वरून सांगण्यात आले आहे, जणू ती सवलतच आहे.

घरची परिस्थिती सगळ्यांसमोर न मांडता नकार कसा द्यावा, आणि नकार दिल्यावर ‘ही मुलगी माणसांत मिसळत नाही’ असा शिक्का बसू नये यासाठी काय करावे? ज्यांनी हे भोगले आहे त्यांनी कृपया लिहावे.

वर्गणीवाला (जळगाव)

ताई, मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. आमच्या कार्यालयात नऊ वर्षे वर्गणी मीच गोळा करतो, म्हणून हे काम आतून कसे चालते ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे, वर्गणी मागणाऱ्याला नकाराचा राग येत नाही, उशिराच्या नकाराचा येतो. गेल्या वर्षी आम्ही सापुताऱ्याला जाण्यासाठी सतरा आसनांची गाडी ठरवली, भाडे १७,००० होते, म्हणजे माणशी सरळ १,०००. आदल्या रात्री तिघांनी अंग काढून घेतले आणि उरलेल्या चौदांवर प्रत्येकी १,२१४ पडले. ते वाढीव पैसे मागताना मला जे ऐकावे लागले ते अजून लक्षात आहे. याउलट दोघींनी महिनाभर आधी “आम्ही नाही, आम्हाला धरू नका” असे सांगितले होते, त्यांची नावे हिशेबातच आली नाहीत आणि त्या का आल्या नाहीत हे आज कोणाला आठवतही नाही. तेव्हा आजच, गाडीचा विसार देण्याआधी, गटावर न लिहिता जो यादी करतो त्याला एकट्याला गाठून सांगा. “या वर्षी मला जमणार नाही, माझे नाव काढून टाका” एवढेच पुरे. कारण सांगू नका. ‘घरी पूजा आहे’ असे काहीतरी सांगितले तर समोरचा तारीख बदलायला निघतो, हे मी स्वतः केले आहे.

दुसरे वाढदिवसांचे. आमच्याकडे २६ माणसे आणि प्रत्येक वाढदिवसाला १०० रुपये अशी पद्धत होती. स्वतःचा सोडून वर्षाला प्रत्येकाचे २,५०० जात. केक ६५०चा, कचोऱ्या ५२०च्या, आणि उरलेल्या पैशांची भेटवस्तू, ती बहुतेक वेळा भिंतीवरचे घड्याळ. एकदा आमच्या शिपायाने शांतपणे विचारले, “भाऊ, माझ्या दोन खोल्यांत आता तीन घड्याळे झाली, चौथे कुठे लावू?” त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. आता महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्या महिन्यातील सगळ्यांचा मिळून एकच केक कापतो, माणशी ५० रुपये, म्हणजे वर्षाला ६००. जमा १,३००, खर्च १,१७०, उरलेले १३० डब्यात, आणि डबा माझ्या टेबलावर उघडा असतो. ही सूचना कोणी मांडली तर माझ्यासारखा वर्गणीवाला मनातून सुटकेचा श्वासच टाकेल, कारण महिन्यातून तीनदा लोकांच्या मागे फिरण्याची हौस कोणालाच नसते.

भरीत पार्टीचे ३५० वाचून मात्र मी चकितच झालो. मी यावल तालुक्यातला, भालोद-बामणोदची वांगी ज्याच्या ताटात लहानपणापासून पडली असा माणूस. मागच्या मार्गशीर्षात आम्ही २२ जणांचे भरीत शेतात केले, त्याचा हिशेब असा: दहा किलो हिरवी वांगी ४००, कांद्याची पात, हिरव्या मिरच्या, लसूण आणि कोथिंबीर मिळून ३००, तेल, शेंगदाणे आणि खोबरे ५००, कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ ४००, मठ्ठ्याचे दही ३००. एकूण १,९००, म्हणजे माणशी ८६ रुपये. वांगी भाजायला कपाशीच्या काड्या बांधावरच्याच, ठेचायला लाकडी बडगी घरची. मिरच्या ठेचायला साहेबांना बसवले होते, दोन दिवस त्यांच्या बोटांची आग होत होती. खर्च फुगतो तो आचारी, मांडव, खुर्च्या आणि बाटलीबंद पाण्याने. पुढच्या वेळी रविवारी दुपारची वेळ सुचवा, म्हणजे तुमची गाडीही चुकणार नाही. वांगी दुपारीही तशीच भाजली जातात.

निवृत्त भुसावळकर

वरील प्रतिसाद योग्य आहे. मी फक्त दबावाबद्दल लिहितो, कारण तो प्रश्न ताईंच्या लिखाणात दडलेला आहे.

मी रेल्वेत खलाशी, म्हणजे अगदी खालच्या श्रेणीचा मदतनीस, म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून बाहेर पडलो. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका अधिकाऱ्यांच्या निरोपासाठी कागद फिरला. वर अधिकाऱ्यांच्या पत्नींसाठी घ्यावयाच्या साडीचा उल्लेख, खाली आमची नावे आणि नावांपुढे आकडा आधीच लिहिलेला. माझ्यापुढे २० रुपये होते, आणि त्या काळी माझ्यासारख्याला ते खूप होते. मी उपाहारगृहात उधारी करून दिले. पुढे मी लिपिक झालो आणि नियमांचे पुस्तक हाताशी आले तेव्हा कळले की तो कागदच नियमबाह्य होता. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. त्यांतील नियम १४ स्पष्ट सांगतो की निरोप समारंभ खासगी आणि अनौपचारिक स्वरूपाचा असला तरी त्यासाठी वर्गणी द्यायला कोणावरही दबाव आणता येणार नाही, आणि तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्याच्या समारंभासाठी कोणत्याही परिस्थितीत वर्गणी गोळा करता येणार नाही. रेल्वेचे वर्तणूक नियम १९६६ चे आहेत आणि तेही याच धर्तीवर आहेत.

ताईंची कंपनी खासगी आहे, त्यामुळे हे नियम तिथे लागू नाहीत हे मला ठाऊक आहे. तरीही हे लिहितो आहे, कारण साठ वर्षांपूर्वी नियम करणाऱ्यांना एक गोष्ट नेमकी समजली होती: वरच्याच्या समारंभासाठी खालच्याने दिलेला पैसा स्वेच्छेचा मानता येत नाही. तुमच्या व्यवस्थापकांच्या निरोपाचे ४०० याच प्रकारातील होते. मी अधीक्षक झाल्यावर एवढेच केले की माझ्या खात्यातील निरोपाचा खर्च पगाराच्या श्रेणीप्रमाणे वाटला आणि खलाशांकडून फक्त हार उचलून आणण्याचे काम घेतले. माझ्या स्वतःच्या निरोपाला चहा आणि चिवडा होता. काही जण अजून त्यावरून टोमणे मारतात.

धुळ्याचा हिशेबनीस

दोनच मुद्दे मांडतो. पगारातून सहलीचे पैसे कापण्याची भाषा कोणी करत असेल तर ती सवलत नव्हे. पगारातून कोणत्या कपाती करता येतात याची यादी कायद्यातच दिलेली असते. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात ती कलम ७ मध्ये होती आणि २०१९ च्या वेतन संहितेत कलम १८ मध्ये आहे. भविष्य निर्वाह निधी, आयकर, घेतलेली उचल, गैरहजेरी अशा बाबी त्यात आहेत, तोरणमाळ नाही. कृपया कोणत्याही संमतिपत्रावर घाईने सही करू नका, आणि गटावर वाद न घालता मनुष्यबळ विभागाला दोन ओळींचा मेल पाठवा की मी सहलीला येणार नाही, माझ्या वेतनातून त्यापोटी कपात करू नये. मेल मागे राहतो, बोलणे राहत नाही.

दुसरा मुद्दा मालकांच्या कानावर घालण्यासारखा आहे, आणि तुम्ही लेखा विभागात असल्याने तो तुम्हाला सहज मांडता येईल. सहल कंपनीच्या नावाने होत असेल तर तिचा खर्च ‘कर्मचारी कल्याण’ या खात्यात टाकून व्यवसायाच्या खर्चात धरता येतो. पूर्ण खर्च नको, निदान गाडीचे भाडे कंपनीने उचलले तरी माणशी आकडा बराच खाली येतो. माझ्या तीन-चार अशिलांना मी हे सांगितले, त्यांतील दोघांनी ऐकले. उरलेल्यांना अजूनही असे वाटते की कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या पैशांनी केलेल्या सहलीत आपण मध्यभागी उभे राहून फोटो काढला म्हणजे कल्याण झाले.

चाकणचा खान्देशी

मी थोडे वेगळे मत मांडतो, राग मानू नये. मी पारोळ्याचा, आता चाकणला आहे. पहिली दोन वर्षे मी पैसे वाचवण्यासाठी प्रत्येक कार्यक्रम टाळला. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन वेगळा बसत असे. काम चांगले होते, पण बदलीच्या वेळी कोणाला पुढे पाठवायचे याची चर्चा निघाली तेव्हा माझे नाव वरच्यांपैकी कोणालाच आठवले नाही, हे मला नंतर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितले. हे न्याय्य आहे असे मी म्हणत नाही, घडले ते सांगतो. म्हणून सगळेच नाकारू नका. वर्षातून दोन कार्यक्रम आधीच निवडा, त्यांना पूर्ण वेळ थांबा, वाढायला उभे राहा, ओळख नसलेल्या विभागातील माणसांशी बोला. बाकीच्यांना ‘नाही’ म्हणताना मग अपराधी वाटत नाही. मात्र त्या दोनांत तोरणमाळ असावे की नाही हे २,६०० या आकड्याकडे पाहून मला सांगवत नाही.

शहाद्याची शिक्षिका

तोरणमाळ आमच्या अंगणातले, म्हणून आधी तेवढे सांगते. २,६०० वर खर्च थांबत नाही. सातपुड्यात जानेवारीची थंडी हाडांत शिरते. ज्यांच्याकडे स्वेटर, कानटोपी आणि जाड पांघरूण नाही त्यांना ते आधी घ्यावे लागते. यशवंत तलावाकाठी बसून वाफाळलेला चहा आणि मक्याची कणसे यांचे पैसे कोणत्याच यादीत नसतात. जाणारच असाल तर हेही धरा. न जाणार असाल तर हळहळू नका, कारण तोरणमाळ कुठे जात नाही. पावसाळा सरता सरता, सीताखाई भरून वाहत असताना, मैत्रिणींबरोबर एसटीने या. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, आणि तो घाट एसटीच्या खिडकीतून पाहण्यातच खरी गंमत आहे.

आता आहेराबद्दल. आपल्याकडे लग्नाचे आमंत्रण म्हणजे सबंध कार्यालयाला एकच पत्रिका, सूचनाफलकावर लावलेली. अशा पत्रिकेला प्रत्येकाने स्वतंत्र ५०० चे पाकीट द्यावे असा रिवाज कोणीही घालून दिलेला नाही. माझ्या आईची आहेराची वही होती. कोणाकडून किती आले, कोणाला किती परत गेले, पातळ आले तर पातळ, भांडे आले तर भांडे. मी शाळेत लागले तेव्हा तशीच एक छोटी वही केली आणि सहकाऱ्यांसाठी एकच आकडा ठरवला, १०१ रुपये, मग तो मुख्याध्यापकांचा मुलगा असो की शिपायाची मुलगी. पहिल्या वर्षी एक-दोघींनी भुवया उंचावल्या. मग माझ्या भावाच्या लग्नात त्यांचीही पाकिटे १०१ चीच आली आणि सगळ्यांचाच हिशेब सोपा झाला. आकडा माणसागणिक बदलला की त्यावर चर्चा होते. सगळ्यांना सारखा दिला तर लोक ‘तिची पद्धतच तशी आहे’ म्हणतात आणि विषय सोडून देतात.

एकाच रंगाच्या साडीवर मात्र मी स्पष्ट बोलेन. ‘पारंपरिक वेशभूषा’ या शब्दांचा अर्थ कपाटात आहे ते नेसणे असा होतो. पुढच्या वर्षी रंग ठरवण्याची चर्चा सुरू होताच, पहिल्या दिवशीच, “मी आईची जुनी साडी नेसणार आहे” असे लिहून टाका. माझा अनुभव असा की तुमच्या मागोमाग आणखी चार जणी तेच लिहितात. त्या फक्त कोणीतरी आधी लिहिण्याची वाट पाहत असतात.

बोरीकाठची (अमळनेर)

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहीत आहे, कारण काहीतरी करून मगच लिहावे असे ठरवले होते.

यादी करणारे दादा गोदाम विभागात आहेत. त्यांना मी शुक्रवारी चहाच्या वेळी वजनकाट्याजवळ एकटे गाठले आणि वर्गणीवाला भाऊंनी सांगितलेले वाक्य जसेच्या तसे म्हटले. मी बरीच तयारी केली होती, घसा कोरडा पडला होता, आणि त्यांनी फक्त खिशातून कागद काढून माझ्या नावावर रेघ मारली आणि “बरे झाले आत्ताच सांगितले, गाडी उद्या ठरवणार होतो” असे म्हणून ते ट्रक मोजायला निघून गेले. सगळे मिळून मिनिटभराचे काम होते. त्यासाठी मी तीन आठवडे धड जेवले नव्हते. आईला सांगितले तेव्हा ती आमच्या अहिराणीत म्हणाली, “पैसा नही शेतस ते सांगी दे ना, त्यामा कसानी लाज?” तिला हे मी आधीच विचारायला हवे होते.

मनुष्यबळ विभागाला मेल पाठवला, त्याचे उत्तर आले नाही. पण दुसऱ्या दिवशी गटावर कपातीबद्दलचा संदेश खोडलेला दिसला. गाडीभाड्याचा मुद्दा मी माझ्या वरिष्ठांना सांगितला. ते हसले आणि मालकांशी ‘योग्य वेळी’ बोलू म्हणाले. यंदा ती वेळ येईल असे मला वाटत नाही.

वाढदिवसांचे मी एकटीने मांडले नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या ताईंना ५० रुपयांचा हिशेब दाखवला तेव्हा त्यांनी स्वतःची वही काढली. त्याही वर्षभर आकडे लिहीत होत्या आणि त्यांची मुले दोन. आम्ही दोघींनी मिळून सुचवले. फेब्रुवारीपासून शेवटच्या शनिवारी एकच केक असे ठरले आहे. एकाने विरोध केला, त्याचा वाढदिवस फेब्रुवारीतच असतो.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याने सगळ्यांसमोर “घरी काही अडचण आहे का? आम्ही भरू का तुझे पैसे?” असे विचारले. हेतू चांगला असेल, पण तो घास माझ्या घशाखाली उतरला नाही. मी “नको, धन्यवाद” एवढेच म्हणाले आणि पुढे काही सुचले नाही. अशा वेळी काय बोलावे हे कोणाला माहीत असेल तर जरूर लिहावे.

चाकणच्या भाऊंचे म्हणणे पटले आहे, म्हणून या वर्षाचे दोन कार्यक्रम मी निवडले: मार्चमधील वर्षाअखेरचे काम संपल्यावर आमच्या विभागाचे जेवण, आणि पुढच्या हिवाळ्यातील भरीत. भरिताची वेळ रविवारी दुपारी बाराची ठेवावी असे मी आत्ताच सांगून ठेवले आहे आणि कळण्याचे पीठ घरून आणण्याचे कबूल केले आहे. ज्वारी आमचीच असते, उडीद तेवढा विकत घ्यावा लागेल.